ब्रेक चांगले होते

लुंबिनी बोनेटखाली वाकलेली होती तेव्हा फोन वाजला. नांदेडच्या तरोडा नाक्याजवळच्या एका गॅरेजात, पुढून ट्रकला घासलेली कुणाचीशी मोटार उभी होती, आणि विमा कंपनीच्या वतीनं तिचं नुकसान बघायला ती आली होती. बोनेट वर झालं की ती आधी कशालाच हात लावत नसे. नुसती बघायची. कुठं ओल आहे, कुठं ओल वाळून डाग राहिलाय, कुठल्या रबरी नळीला चीर पडलीय, कुठला बोल्ट नवा आहे आणि त्याच्या शेजारचे जुने आहेत. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांना एक वाट पडून गेली होती. डावीकडून सुरू करून, रेडिएटरच्या कडेनं, बॅटरीवरून, मागच्या पत्र्यापर्यंत डोळे आपोआप चालत जायचे आणि मन मागं कुठंतरी रिकामं उभं राहायचं. ते रिकामपण तिला आवडायचं. गेल्या वर्षभरात तर दिवसातला तेवढाच वेळ तिला सोसवायचा. फोन बाबांचा होता. बाबा कामाच्या वेळी फोन करत नसत. "पोलीस ठाण्यातून बोलावणं आलंय," ते म्हणाले. "आनंदची गाडी सोडून राहिलेत. न्हाई नेली तर लिलावात काढतो म्हणले." ती "बरं" म्हणाली. मग ते म्हणाले, "भंगारात घालायच्या आधी तू एकदा बघ, माय. तू बघितलंस की मला कळंल." फोन ठेवून ती पुन्हा वाकली. डावीकडून सुरू केलं, रेडिएटर झाला, बॅटरीपर्यंत आली, आणि पुढं काय बघायचं ते तिला आठवेना. समोर नळ्या होत्या, वायरी होत्या, काळं लोखंड होतं, आणि त्यातल्या एकाही वस्तूला नाव नव्हतं. तिनं परत डावीकडून सुरू केलं. पुन्हा बॅटरीपाशी येऊन थांबली. गॅरेजवाल्यानं विचारलं, "मॅडम, लई नुकसान हाय का?" तेव्हा तिनं बोनेट खाली ओढून घेतलं आणि उद्या येते म्हणाली.

आनंदराज तिच्या पाठचा. लातूरला एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा आणि नांदेडलाही; सकाळची तुकडी तिकडं, संध्याकाळची इकडं, आणि मधला सगळा दिवस त्या जुन्या पांढऱ्या गाडीत, रस्त्यावर. गेल्या उन्हाळ्यात, दुपारी, चाकूर सोडून अहमदपूरकडं येताना सरळ रस्त्यावर त्याची गाडी डावीकडं उतरली आणि चिंचेच्या झाडावर गेली. समोरून कुणी आलेलं नव्हतं. जनावर आडवं गेलेलं नव्हतं. त्यानं कधीच दारू घेतली नव्हती, त्या दिवशीही नाही. आणि रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. पंचनाम्यातलं एवढं एक वाक्य घरात येऊन बसलं आणि मग उठलंच नाही. ब्रेक दाबलाच नाही म्हणजे काय? जमादार म्हणाला, झोप लागली असंल. सरकारी निरीक्षक येऊन बघून गेला, गाडीत दोष दिसत नाही म्हणाला. आणि मातीला आलेल्या बायका मागच्या अंगणात हलक्या आवाजात म्हणाल्या की पोराचं ठरलेलं लग्न मोडलं होतं ना. लुंबिनी तेव्हा आत पाणी भरत होती. बाबा पुढच्या खोलीत होते, पण मधलं दार उघडं होतं, आणि त्यांनी ते ऐकलं हे तिला त्यांच्या पाठीवरून कळलं. ती पाठ एकदम ताठ झाली होती.

बाबा, म्हणजे निवृत्ती, किनवटकडच्या एका वसतिगृहात अधीक्षक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. जंगलातल्या गावांतून आलेली पोरं सुट्टीवरून उशिरा परतली की त्यांना दारात उभं करून ते एकच विचारायचे, "कारण सांग." नदीला पूर होता, हे चालायचं. बापानं सोडलं नाही, हे चालायचं. जत्रा बघत बसलो, हेसुद्धा चालायचं. शिक्षा व्हायची पण जेवायला मिळायचं. "म्हाईत न्हाई सर" हे मात्र त्यांना कधी चाललं नाही. माणसाला आपलं कारण माहीत असलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आई होती तोवर ती हसून म्हणायची, तुमच्या बाबाला देवच न्हाई, कारण हाय. तर त्या माणसाला कारण हवं होतं, आणि ते त्यांनी शोधून काढलं. अपघाताच्या आधल्या आठवड्यात आनंदराजनं लातूरला संगप्पाच्या गॅरेजात ब्रेकचं काम करून घेतलं होतं. संपलं. त्यांच्या पुरतं तिथं सगळं संपलं. ब्रेक दाबला नाही असं नव्हे, दाबला पण लागला नाही. खूण कुठून उमटणार? त्यांनी ठाण्यात अर्ज दिला, गाडी ताब्यात घ्यायला नकार दिला, आणि बसनं लातूरला जाऊन संगप्पाच्या गॅरेजासमोर भर गर्दीत उभं राहून ओरडले की ह्या माणसानं माझा पोरगा मारला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा जाऊन ओरडले. संगप्पा काही बोलत नसे म्हणे. हातातलं काम खाली ठेवून मान घालून उभा राहायचा. त्याच्याकडं येणारी गाड्यांची रीघ आटली, हे लुंबिनीला तिच्या धंद्यातल्या माणसांकडून कळलं होतं. तिनं बाबांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? त्यांच्याकडं दुसरं काय होतं?

आणि तिच्याकडं? तिच्याकडं एक शब्द होता. अपघाताच्या थोडं आधी, एका संध्याकाळी दोघं गच्चीवर बसले होते, खाली रस्त्यावर भाजीवाल्यांचा कालवा चालला होता, आणि आनंदराज कठड्याला टेकून म्हणाला, "ताई, कंटाळा आलाय गं." एवढंच. नंतर तो पोह्यांबद्दल काहीतरी बोलला, मग क्लासमधल्या एका पोरीबद्दल, जिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत असूनही परीक्षेत हात थरथरायचे. तो हसलाही होता. पण ते सगळं पुसट होत गेलं आणि तो एक शब्द उरला. कशाचा कंटाळा? रस्त्याचा? शिकवण्याचा? मोडलेल्या लग्नाच्या विचारपुशीचा? की सगळ्याचाच? लुंबिनी तो शब्द रोज उघडून बघायची. कधी त्यात नुसता थकवा दिसायचा, उन्हातून आलेल्या माणसाचा असतो तसा. कधी त्याच्या तळाशी काहीतरी काळं हलल्यासारखं वाटायचं, आणि मग ती घाईनं झाकण लावून टाकायची. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. बाबांजवळ तर नाहीच. पण त्यांचं ते ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडणं ऐकताना तिला हळूहळू वाटू लागलं होतं की त्यांच्याही आत असाच एखादा शब्द असणार, आणि तो ऐकू येऊ नये म्हणूनच ते एवढ्या मोठ्यानं ओरडतात. गाडी बघायचं ती आजवर टाळत आली होती. घरच्या गाडीचा तपास घरच्यानं करायचा नसतो, असं ती लोकांना सांगायची. ते खरंही होतं. पण खरी भीती वेगळी होती. आपण बघू, आणि आपल्याला दिसेल.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी लवकर ती बाबांना घ्यायला गेली तेव्हा ते पांढरा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर तयार बसलेले होते, जणू कुणाच्या तरी लग्नाला निघालेत. लोहा मागं पडलं, अहमदपूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं उन्हात तडकत पडली होती. ते चिंचेचं झाड रस्त्याच्या पलीकडल्या अंगाला होतं. ते जवळ आलं तसे बाबा अलीकडच्या खिडकीतून बाहेर बघू लागले, तिथं बघण्यासारखं काही नसताना. आणि लुंबिनीनं आरशात बघितलं, मागून कुणी येत नसताना. झाड गेलं. दोघांनी एकमेकांपासून लपवत श्वास सोडला.

चाकूरच्या ठाण्याच्या मागच्या बाजूला जप्तीच्या गाड्यांचं आवार होतं. वाळूचे टिप्पर, चाकं नसलेल्या रिक्षा, एकमेकींवर रेललेल्या मोटारसायकली, आणि त्या सगळ्यांमधून वाढून वाळून गेलेलं गाजरगवत. आनंदराजची गाडी भिंतीकडच्या कोपऱ्यात होती. डावीकडचा पुढचा भाग आत चेपला होता, दिव्याच्या जागी भगदाड होतं आणि काचेवर इतकी धूळ की आतलं काही दिसत नव्हतं. जमादार, उमाशंकर नावाचा एक सावकाश बोलणारा माणूस, किल्ल्या घेऊन आला. बोनेट वाकून अडकलं होतं. त्यानं कुठून तरी पहार आणली, लुंबिनीनं एका बाजूनं उचलून धरलं, पत्रा कर्कश आवाज करत वर आला, आणि आतून वाळलेल्या पाल्याचा, तेलाचा आणि उंदरांच्या मुताचा वास आला. "बघा मॅडम निवांत," जमादार म्हणाला आणि सावलीला गेला. बाबा गेले नाहीत. ते गाडीपासून थोड्या अंतरावर, हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

तिनं डावीकडून सुरू केलं. डावीकडं बघण्यासारखं थोडंच होतं. रेडिएटर दुमडून पंख्यावर आला होता, त्याच्या खाली कूलंट सांडून वाळल्याचा हिरवट ओघळ होता. हे झाडाचं काम. हे नंतरचं. आधीचं काय आहे ते तिला हवं होतं. धक्क्यानं तुटलेलं आणि झिजून तुटलेलं यांतला फरक डोळ्यांना कळतो. धक्क्यानं तुटलेल्याची कड कोरी असते, झिजलेल्याच्या कडेला आधीची मळकट रेघ असते. लुंबिनी ती रेघ शोधत होती. फॅनबेल्ट सुटून पडला होता पण रबर शाबूत होतं. बॅटरी कलली होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना ग्रीस लावलेलं होतं. बोटानं लावलेलं. वाळलेल्या ग्रीसवर बोटाचे फराटे तसेच होते. ते तिनंच त्याला शिकवलं होतं, टोकांना पांढरी बुरशी धरू नये म्हणून. ती त्या फराट्यांकडं बघत राहिली. जो माणूस बॅटरीला ग्रीस लावतो त्याला पुढच्या महिन्यातही गाडी चालवायची असते की नाही? की तो महिनाभर आधीचा आनंदराज होता आणि त्या दुपारचा कुणी वेगळाच? माणूस रोज तोच असतो का? तिचे डोळे पुसट झाले. घाम असेल. तिनं बाहीनं पुसले आणि पुढं सरकली.

उजवी बाजू जवळजवळ धड होती. मागच्या पत्र्याला लागून, चालकाच्या पायांच्या बरोबर समोर, ब्रेक ऑइलची ती अर्धपारदर्शक डबी. तिच्यावरची धूळ लुंबिनीनं अंगठ्यानं पुसली. तेल होतं. दोन रेघांच्या मध्ये, जिथं असायला हवं तिथं, मधाच्या रंगाचं. डबीच्या खाली ओल नव्हती, ओघळ नव्हता. ब्रेक ऑइल गळलं की रंग खाऊन टाकतं, पत्रा उघडा पडतो, तसं काही नव्हतं. बूस्टरची जाड नळी आपल्या जागी, क्लिप घट्ट. लोखंडी नळ्यांचे सांधे कोरडे. ती खाली बसली, चाकांमागं हात घालून रबरी नळ्या चाचपल्या, टॉर्च मारून बघितल्या. डावीकडची चेपली होती पण फुटलेली नव्हती. ब्रेकच्या नव्या गुटक्यांवर अजून कारखान्याच्या रंगाची कड होती. संगप्पानं बसवलेले. पिना जिथल्या तिथं. मग दार उघडून, काचांच्या चुऱ्यावर वर्तमानपत्र टाकून ती बसली, तिथंच, त्याच्या जागेवर, आणि पेडलवर पाय ठेवला. दाबताना तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात विनवणी करत आहोत. खाली जा. जा खाली. एकदा नुसतं खाली जा. पेडल थोडं उतरलं आणि घट्ट लागलं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा घट्ट. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढून बघितली, ती अडकत नव्हती, सोडली की सरळ मागं येत होती. स्टिअरिंगचा जोड बघितला. बघण्यासारखं सगळं बघून झालं आणि ती परत बोनेटपाशी येऊन उभी राहिली.

तिच्या बॅगेत पातळ पात्याचा चाकू होता. रबराचे नमुने कापायला लागतो म्हणून ठेवलेला. तिचा हात उजवीकडच्या रबरी नळीवर गेला आणि तिथं थांबला. एक चीर. एवढीशी. डबीतलं तेल आपोआप उतरेल, पत्र्यावर ओघळ येईल. मग बाबांना बोलावायचं आणि दाखवायचं, हे बघा, तुम्ही म्हणत होता तेच. ते खाली बसतील, तोंडावर हात घेतील, आणि त्यांचं आयुष्य उरलेल्या दिवसांसाठी जागेवर बसेल. कारण मिळेल. आणि तिलाही; तो शब्द मग कायमचा नुसता शब्द होऊन जाईल, उन्हातून आलेल्या भावाचा थकवा. नळी तिच्या मुठीत कोमट होती, एखाद्या मनगटासारखी. नांदेडमध्ये लोक तिला म्हणायचे, मॅडमला डोळे झाकायला सांगून उपयोग नाही. पण आत्ता ती सचोटीबिचोटीचा विचार करत नव्हती. तिला दिसत होता तो तिनं कधीच न बघितलेला संगप्पा, हातातलं काम खाली ठेवून मान घालून उभा असलेला. तिनं नळी सोडली. हाताला काळं लागलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. ते पुढं आले. "ब्रेक चांगले होते."

त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. उघड्या बोनेटमध्ये बघत राहिले. "नीट बघितलंस?"

"हाव."

"सगळं?"

"सगळं बघितलं बाबा. तेल हाय, नळ्या चांगल्या हायेत, पेडल लागतं. काम नीटच केलं होतं त्यानं."

बाबांनी हात पुढं केला, त्या डबीचं टोपण धडपडत फिरवून उघडलं, आत बोट बुडवलं आणि बोट उन्हात धरून बघितलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला तेल लागलं. ते कितीतरी वेळ बोटाकडंच बघत होते. मग अगदी साध्या आवाजात, जणू बाजारातली काही वस्तू विचारावी तसं, त्यांनी विचारलं, "मग त्यानं जाणून केलं का गं?"

वर्षभर घरात कुणी न उच्चारलेलं ते असं ठाण्याच्या आवारात, गाजरगवतात, बोललं गेलं. आणि काही झालं नाही. पलीकडं जमादार कुणाला तरी चहा सांगत होता. लुंबिनीला वाटलं होतं ते बाहेर पडलं की काहीतरी कोसळेल; उलट तिला विलक्षण हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाज वाटली. "म्हाईत न्हाई बाबा," ती म्हणाली. "गाडीत ते दिसत न्हाई." आणि मग तिलाही न ठरवता, "मलाबी तेच भ्याव होतं." त्यांनी मान हलवली. नुसती, हळूहळू, वर्गात मागच्या बाकावरचं पोर मान हलवतं तशी. "म्हाईत न्हाई" हे उत्तर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकून घेतलं. जमादाराकडं जाऊन सही केली, गाडी भंगारवाल्याला द्यायला सांगितली, आणि येऊन म्हणाले, "चल. लातूरला जाऊ."

"कशाला?"

"चल तू."

संगप्पाचं गॅरेज औसा रोडच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आत एकच रिक्षा होती. कपाळावर विभूती लावलेला, पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस तिच्याशेजारी बसून काही पुसत होता. बाबांना दारात बघताच तो उठला, फडकं खाली ठेवलं आणि मान घातली. शेजारच्या पंक्चरवाल्यानं हात थांबवून इकडं बघितलं. आता पुन्हा ते ओरडणार, असंच सगळ्यांना वाटलं असावं. लुंबिनीलाही क्षणभर वाटलं.

"संगप्पा," बाबा म्हणाले. मग मोठ्यानं, पंक्चरवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी लेक. हिचं कामच हाय हे. हिनं आज गाडी उघडून बघितली. तुझं काम चांगलं होतं. ब्रेक चांगले होते."

संगप्पानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून लुंबिनी बघत होती. ती दिसली नाही. त्याचे ओठ हलले, आणि तो खाली, रिक्षाच्या पायरीवर बसला. "सर," तो म्हणाला, "मी रोज उघडून बघत होतो ओ. मनातल्या मनात. हे आवळलं का, ते आवळलं का. चहा पिताना, आंघोळ करताना. कधी वाटायचं एक नट राहिलाच. मग वाटायचं, न्हाई, आवळला होता. आनंदसर इथंच उभे होते, पोरांच्या पेपरच्या गोष्टी सांगत होते, त्यात माझं ध्यान गेलं का?" त्यानं विभूती पुसली जाईल इतक्या जोरानं कपाळ चोळलं. "माझ्याच हातानं झालं असतं तरी बरं असंबी वाटायचं कधी कधी. निदान कळलं असतं. आता काय?" बाबा त्याच्याजवळ गेले. काय करावं ते त्यांना समजेना. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, मग त्याच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. पंक्चरवाल्यानं आपण होऊन चहा आणला. तिघं शेडच्या सावलीत चहा प्याले, आणि निघताना संगप्पा लुंबिनीच्या गाडीला सवयीनं एक फेरी मारून आला, टायर बघितले, बरे आहेत म्हणाला.

परतताना ऊन भयंकर होतं. चाकूर गेलं. चिंचेचं झाड या वेळी त्यांच्याच अंगाला आलं, आणि बाबांनी त्याच्याकडं बघितलं; खोडावरची साल गेलेल्या जागी नवी साल धरत होती. तिनं वेग कमी केला, पण ते "चल" म्हणाले. अहमदपूर मागं पडलं. पुढं रस्ता सरळ, रिकामा, डांबरावर पाण्यासारखं चकाकणारं मृगजळ, इंजिनाची एकसुरी घरघर. लुंबिनी बॅटरीवरच्या ग्रीसचा विचार करत होती. बोटाचे फराटे. ते बोट कसं होतं, नख वाढलेलं असायचं का, करंगळीजवळचं ते भाजल्याचं बारीक. आई पोळ्या करत होती आणि तो तव्याला. आई म्हणाली अगं ह्याला धर. गच्ची. खालून भाजीवाल्यांचा कालवा, मेथी घ्या मेथी, आणि तो कठड्याला टेकून काहीतरी म्हणत होता, तोंड हलत होतं, ती पुढं झाली ऐकायला, आणि खडखड, खडखड, अंगाखाली खडी वाजली, आणि बाबा ओरडले, "लुंबिनी!"

गाडीची डावी चाकं मुरमावर होती. समोर कडब्यानं लादलेली ट्रॉली उभी होती आणि ती मोठी मोठी होत येत होती. तिनं ब्रेक दाबला. गाडी थरथरत, घसरत, धुरळा उडवत थांबली. धुरळा पुढं गेला, ट्रॉलीला वळसा घालून गेला आणि रानात विरून गेला. तिनं मागं वळून बघितलं. रस्त्यावरून मुरमापर्यंत गाडी उतरत आली त्या सगळ्या अंतरात डांबर स्वच्छ होतं. शेवटी, अगदी शेवटी, बाबा ओरडल्यानंतरचा तेवढा एक ओरखडा.

"मला झोप लागली होती," ती म्हणाली.

बाबाही मागं बघत होते. त्यांनी ते स्वच्छ डांबर बघितलं. मग तिच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "कळलं न्हाई तुला?"

"न्हाई."

"कायच?"

"काय बी न्हाई बाबा. भ्याव वाटलं न्हाई, दुखलं न्हाई. मी गच्चीवर होते. आनंद बोलून राहिला होता."

हा पुरावा नव्हता. तिला ते ठाऊक होतं, आणि त्यांनाही असणार. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण बाबांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आतून सुटत गेला. वर्षभर ताठ धरलेलं काहीतरी मानेतून, खांद्यांतून खाली उतरलं, आणि ते रडले. मातीच्या दिवशीही ते रडले नव्हते. ते तेल लागलेली बाही तोंडावर धरून मोठ्यानं, लाज न बाळगता रडले, आणि रडता रडता म्हणत राहिले, "झोप आली तर थांबावं माय. गाडी बाजूला घ्यावी. कोण रागावणार होतं? उशीर झाला तर झाला. थांबावं की रे बाळा." तिनं त्यांना थांबवलं नाही.

खूप वेळानं त्यांनी नाक पुसलं आणि हात पुढं करून किल्ली काढून घेतली. "झोप आता," ते म्हणाले. ती म्हणाली, घरी जाऊन झोपते, आता काय लागणार नाही. "न्हाई. आत्ता झोप. मी हाय." त्यांनी स्वतः उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं, तिला मागच्या सीटवर जायला लावलं, सगळ्या काचा खाली केल्या आणि ऊन येत होतं त्या खिडकीवर आपला टॉवेल अडकवला. गाडी रस्त्याकडेच्या लिंबाच्या विरळ सावलीत होती. लुंबिनी पाय पोटाशी घेऊन आडवी झाली. बाहेर बाबा दाराला पाठ लावून उभे राहिले. टॉवेलच्या फटीतून त्यांच्या सदऱ्याचा पांढरा तुकडा तेवढा दिसत होता. तिचे डोळे मिटत आले. एक मोटारसायकल येऊन थांबल्याचा आवाज झाला. कुणी तरुण आवाजात विचारलं, "काय काका, गाडी बंद पडली का? बघू का उघडून?"

"न्हाई बाबा," निवृत्ती हळू आवाजात म्हणाले. "लेकरू झोपलंय."